दान मिळाले, दाम कोठून आणायचे?

(रुग्णसेवेचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



३ ऑगस्ट हा दिवस २०२३ पासून भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. १९९४ साली याच दिवशी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले, ही त्यामागची स्मृती आहे. या दिवशी गावोगावी व्याख्याने होतात, संकल्पपत्रे भरून घेतली जातात आणि जवळजवळ प्रत्येक व्यासपीठावरून दधीची ऋषींचे स्मरण केले जाते. ते उचितच आहे. वृत्रासुराच्या वधासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या ऋषीइतका समर्पक आदर्श या कार्याला दुसरा कोणता मिळणार? मात्र त्या कथेतील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. दधीचींनी अस्थी दिल्या, तेवढ्याने वज्र सिद्ध झाले नव्हते. त्या अस्थींचे वज्र घडवावे लागले आणि ते काम देवशिल्पी विश्वकर्म्याने केले. पुराणकारांनी त्याच्या मजुरीचा हिशेब दिलेला नाही. इंद्राच्या दरबारी तो प्रश्न उद्भवला नसावा. पृथ्वीवर मात्र तो प्रत्येक वेळी उद्भवतो.

दाता मिळाला, रक्तगट जुळला, समितीची मान्यता आली आणि मग रुग्णालयाचे अंदाजपत्रक हातात पडले, की अनेक घरांत सुन्न शांतता पसरते. अवयवदानाच्या प्रचारात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत समाजाने मोठी मजल मारली. २०२४ या वर्षात देशात १८,९०० हून अधिक प्रत्यारोपणे झाली. परंतु दान स्वीकारण्याची ऐपत नसलेल्या रुग्णाचे काय, या प्रश्नाकडे त्या प्रमाणात लक्ष गेलेले नाही.

अवयवाला किंमत नाही, शस्त्रक्रियेला आहे

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने १९९४ साली केला. मूत्रपिंडांचा जो उघड बाजार त्या काळी देशातील काही शहरांत मांडला गेला होता, त्याला आळा घालणे हा त्याचा एक प्रधान हेतू होता. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा अधिक कठोर झाली. अवयवाच्या खरेदी-विक्रीला आता पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. २०१४ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट निःसंदिग्ध केली. मस्तिष्कस्तंभ मृत घोषित झालेल्या व्यक्तीचे अवयव नातेवाइकांनी दिले, तर त्यापुढे देहाची जी काळजी घ्यावी लागते आणि अवयव काढून घेण्यासाठी जो खर्च येतो, त्याचा एक पैसाही दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. तो रुग्णाने, संस्थेने, शासनाने अथवा एखाद्या सेवाभावी मंडळाने सोसावा, असे नियम सांगतो. हे न्याय्यच आहे. ज्यांनी शोकाच्या क्षणी होकार दिला, त्यांच्या हातात देयक कसे ठेवणार?

पण याचा अर्थ असा, की सारा भार अखेरीस घेणाऱ्याच्या दारी येऊन थांबतो. खासगी रुग्णालयात मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाला सर्वसाधारणपणे पाच ते दहा लाख, तर यकृताच्या प्रत्यारोपणाला वीस लाख आणि त्याहून अधिक खर्च येतो. त्यात दात्याच्या तपासण्या, रुग्णाच्या तपासण्या, दोन शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातील दिवस आणि परगावच्या नातेवाइकांचा शहरातील मुक्काम ही सारी कलमे येतात. मुक्कामाचे कलम लहान वाटते, परंतु महिनोन् महिने चालते. परळला केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या परिसरात नाना पालकर स्मृती समितीची वास्तू १९६८ पासूनचा वारसा सांगत उभी आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे वर्षानुवर्षे बाहेरगावच्या रुग्णांना अत्यल्प खर्चात निवारा मिळाला, म्हणूनच कितीतरी उपचार शेवटास गेले. शस्त्रक्रियेचे पैसे जमले आणि खोलीभाड्यात कुटुंब बुडाले, असे होऊ नये, ही जाण त्या मंडळींना फार पूर्वी आली होती.

हात पसरायचा तरी कसा?

या संकटात सर्वाधिक कोंडी होते ती मध्यमवर्गीय कुटुंबाची. श्रीमंताला चिंता नसते. पिवळ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबाजवळ निदान दाखवायला कागद असतो आणि मागण्याचा संकोचही कमी असतो. पतसंस्थेतील लिपिक, खासगी शाळेतील शिक्षक, किराणा दुकानदार यांचे मात्र तसे नाही. ज्या घराने आजवर चार वर्गण्या दिल्या, गणेशोत्सवात पावती फाडली, त्या घराला स्वतःसाठी पावतीपुस्तक छापणे मरणप्राय वाटते. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांपायी तीन-चार महिने वाया जातात आणि या आजारात तेवढा अवधी फार महाग पडतो.

वास्तविक, मागण्यात कमीपणा मानण्याची ही रीत महाराष्ट्राच्या परंपरेशी फारशी सुसंगत नाही. वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागणारे विद्यार्थी याच समाजाने घडवले, आणि त्यांच्यातूनच पुढे न्यायाधीश व प्राध्यापक निघाले. अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना काढली आणि माणशी एक पैसा गोळा करण्याचे व्रत घेतले. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या फंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेसाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य निघाले. कार्य समाजाचे आहे आणि हिशेब उघडा आहे, एवढ्या दोन गोष्टी दिसल्या की देणाऱ्याने कधी मागणाऱ्याला हीन लेखले नाही. एका घरातील कर्त्या माणसाचे वाचणे हे समाजाचे कार्य नव्हे, असे कोण म्हणेल?

म्हणून कार्यकर्त्याचे पहिले काम पैसे जमवण्याचे नाही. त्या घरी जाऊन बसण्याचे आहे. घरातील ज्येष्ठाला, बहुधा रुग्णाच्या वडिलांना अथवा थोरल्या बंधूंना, विश्वासात घेऊन हा विषय ओसरीवर आणण्याचे आहे.

उलट्या क्रमाने ठोठावलेली दारे

एखाद्या तालुक्याच्या गावचे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. चाळिशीतील गृहस्थ, मधुमेहामुळे दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. पत्नी मूत्रपिंड द्यायला तयार आहे. खर्चाचा आकडा कळताच हे कुटुंब काय करते? प्रथम घरातील सोने मोडते. मग भविष्य निर्वाह निधी काढला जातो. मग बांधावरचा तुकडा, घाईत असल्याने पडत्या भावात, विकला जातो. मग मेहुण्याकडून, मग सावकाराकडून. शस्त्रक्रिया पार पडते, आणि त्यानंतर कुणीतरी सुचवते, 'अहो, मुख्यमंत्री निधीला अर्ज का केला नाही?' तोवर उशीर झालेला असतो. शासकीय साहाय्यता निधीतून साह्य मिळते ते पुढे होणाऱ्या उपचारासाठी, थेट रुग्णालयाच्या खात्यात. होऊन गेलेल्या खर्चाची भरपाई तेथे मिळत नाही. जी दारे सर्वांत आधी ठोठवायची, ती सर्वांत शेवटी ठोठावली गेली.

क्रम नेमका उलटा हवा. आरंभ रुग्णालयातच करावा. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचा कक्ष असतो. पाटी बहुधा जिन्याखाली वा कोपऱ्यात लावलेली असते, पण असतो. प्रत्यारोपण केंद्र असेल तेथे समन्वयकही असतो. या दोघांना कोणता निधी कोणत्या कागदावर अडतो, याची माहिती भल्याभल्यांहून अधिक असते.

त्यानंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ साली तिचे नामांतर झाले. २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाकाठी पाच लाख रुपयांचे संरक्षण ठरले आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. त्याच निर्णयाने योजनेचे दार केवळ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरते न ठेवता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी उघडले. अनेक पांढरपेशा घरांना हे अद्याप ठाऊक नाही. 'ती योजना आपल्यासाठी नसते' हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते. रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे का, आणि रुग्णाला हवे असलेले प्रत्यारोपण त्या रुग्णालयात योजनेतून होते का, हे दोन प्रश्न तेथील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावेत.

तिसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ज्या रुग्णालयांना कलम ४१ (एए) लागू होते, त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून एक योजना अमलात आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या, तसेच एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची, असे तिचे स्वरूप आहे. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत जाऊन निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये झाली. प्रत्यारोपणाचे सारे देयक या निधीतून सुटेलच असे नाही. परंतु पंचतारांकित वाटणाऱ्या वास्तूसमोर उभा राहिलेला सामान्य माणूस 'हे आपले नव्हे' म्हणून परत फिरतो. त्याला हे सांगणारे कुणी हवे, की त्या वास्तूतील काही खाटांवर कायद्याने त्याचा अधिकार आहे.

मुख्यमंत्री साहाय्यता निधीसाठी आता मुंबईची वारी करावी लागत नाही. २०२५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणीही कक्ष सुरू झाले आहेत. उत्पन्नाचा दाखला, आधार, शिधापत्रिका, तपासण्यांचे अहवाल आणि रुग्णालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेले अंदाजपत्रक ही त्यांची मुख्य मागणी. प्रत्यारोपण असेल तर प्रतीक्षायादीतील नोंदणीचा अथवा मान्यतेचा कागदही लागतो. पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी जानेवारी १९४८ मध्ये फाळणीने विस्थापित झालेल्यांच्या मदतीसाठी लोकवर्गणीतून स्थापन झाला. आज त्यातून हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण यांसाठी अंशतः साह्य दिले जाते. दारिद्र्यरेषेखालील रुग्ण शासकीय अतिविशेष रुग्णालयात उपचार घेत असेल, तर १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आरोग्य निधीतून पंधरा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. या सर्वांनंतर देवस्थानांचे न्यास आणि उद्योगसमूहांचे विश्वस्त निधी. बहुतेक न्यास 'अन्यत्र किती मिळाले, किती कमी पडतात' हे विचारतात. म्हणून त्यांच्याकडे उरलेला आकडा घेऊन जाणे केव्हाही श्रेयस्कर.

आणि सर्वांत शेवटी आप्त, शेजारी, गाव. तोवर गावाकडे मागायची रक्कम निम्म्यावर आलेली असते.

आणखी एक खर्च वाचवता येतो, त्याचा उल्लेख येथेच करायला हवा. वर उल्लेखलेल्या कुटुंबात पत्नीचा रक्तगट जुळला नाही, तर काय करायचे? रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण करण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे, परंतु त्यासाठी जी पूर्वतयारी व औषधे लागतात त्यांनी खर्च लाखांनी वाढतो. २०११ च्या दुरुस्तीने अदलाबदलीच्या प्रत्यारोपणाला कायदेशीर मान्यता दिली. एका घरातील पत्नी दुसऱ्या घरातील रुग्णाला आणि त्या घरातील दाता या रुग्णाला मूत्रपिंड देऊ शकतो. दोन अपरिचित कुटुंबे अशा रीतीने परस्परांची सोयरी होतात. थोडा धीर धरून अशी जोडी शोधली, तर कित्येक लाखांचे ओझे आपोआप उतरते.

मध्यरात्रीचा दूरध्वनी

घरात दाता नसेल, तर मृत दात्याची प्रतीक्षा करावी लागते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांकडे रुग्णालयामार्फत नाव नोंदवले जाते. ही प्रतीक्षा वर्षानुवर्षे चालते आणि एखाद्या मध्यरात्री अचानक संपते. काढलेले हृदय चार ते सहा तासांत, यकृत साधारणतः बारा तासांच्या आत आणि मूत्रपिंड एक दिवसाच्या आत दुसऱ्या देहात रुजावे लागते. दूरध्वनी येतो तेव्हा हातात काही तासच असतात. त्या तासांत पैशांची जुळवाजुळव होत नाही. रुग्णाची तयारी नसेल, तर अवयव यादीतील पुढच्या व्यक्तीकडे जातो. तसा नियमच आहे आणि त्यात कुणाचा दोष नाही. म्हणून ज्या दिवशी नाव यादीत चढते, त्याच दिवशी निधीचे काम सुरू व्हायला हवे. 'बोलावणे आले की बघू' असे म्हणणाऱ्या घरी कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब

जवळजवळ प्रत्येक आवाहनात एक रक्कम लिहिलेली नसते. ती म्हणजे औषधांची. देह परक्या अवयवाला सहजासहजी आपले म्हणत नाही. प्रतिकारशक्ती त्यावर चालून जाते. या शक्तीला आवर घालणारी औषधे मिळाली, तेव्हाच प्रत्यारोपणशास्त्र खऱ्या अर्थाने उभे राहिले. नॉर्वेच्या पठारावरील मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जीवाणूपासून टॅक्रोलिमस. ही औषधे अवयव देहात आहे तोवर, म्हणजे बहुधा जन्मभर, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. पहिल्या वर्षी औषधे आणि तपासण्या मिळून महिन्याला दहा ते वीस हजारांच्या घरात खर्च जाणे नवलाचे नाही.

शस्त्रक्रियेसाठी गावाने लाखो रुपये दिलेले असतात. सत्कार होतो, वृत्तपत्रात छायाचित्र येते. दीड-दोन वर्षांनी त्याच घरात मुलाचे शुल्क भरायचे असते आणि कर्ता माणूस गोळ्या एक दिवसाआड घेऊ लागतो, घरात कुणाला न सांगता. काही महिन्यांत अवयव निकामी होतो आणि पुन्हा डायलिसिस नशिबी येते. काही जण स्वस्त म्हणून औषधाची कंपनी परस्पर बदलतात. टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातील मात्रा थोडी कमी झाली तर अवयवाला धोका, थोडी अधिक झाली तर मूत्रपिंडालाच अपाय. स्वस्त पर्याय घेऊ नये असे नव्हे, तो जरूर घ्यावा. पण डॉक्टरांच्या संमतीने आणि रक्ताची तपासणी करून. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना या औषधांसाठी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत साह्याची तरतूद आहे. तिची चौकशी शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी. जे मध्यमवर्गीय घर तिच्या कक्षेत बसत नाही, त्यासाठी दहा कुटुंबांनी महिन्याला हजार-हजार रुपये उचलण्याचे ठरवले, तर ते एकरकमी लाखापेक्षा अधिक मोलाचे ठरते. असा पैसा संथ असतो, त्याला कुणी हार घालत नाही आणि म्हणूनच तो उभा करणे कठीण असते.

जाहीर आवाहन करताना

जाहीर आवाहन करण्यापूर्वी एक अवघड प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारावा. प्रत्यारोपणाने या रुग्णाला खरोखर किती लाभ होईल? वय, हृदयाची अवस्था, अन्य व्याधी पाहता डॉक्टरच साशंक असतील, तर घर विकून शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरणे हे प्रेम असले तरी विवेक नव्हे. हे सांगण्याचे धैर्य नातेवाइकांना होत नाही. गावातील एखाद्या वयोवृद्ध डॉक्टरांना बरोबर नेले, तर बोलणे सोपे जाते.

आवाहनात रुग्णाच्या वेदनेचे प्रदर्शन मांडू नये. नळ्या लावलेल्या लहान मुलाची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून फिरवली की पैसे लवकर जमतात, हे खरे आहे. पण ते मूल उद्या बरे होऊन शाळेत जाणार आहे आणि ती छायाचित्रे तेव्हाही फिरत असणार आहेत. आजार, रुग्णालय, अंदाजपत्रकाची रक्कम, मिळालेले साह्य, उरलेली गरज आणि खातरजमेसाठी एका जबाबदार व्यक्तीचा संपर्क एवढे पुरते. धनादेश शक्यतो रुग्णालयाच्या नावे, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकासह काढावा. खासगी खाते वापरावेच लागले, तर ते दोघांच्या सहीचे असावे आणि त्यातील एक सही घराबाहेरील असावी.

आणि मग तो प्रश्न, जो विचारणे अशुभ मानले जाते. पैसे जमले आणि रुग्ण वाचला नाही तर? किंवा योजनेतून अनपेक्षित रक्कम मिळाली आणि वर्गणी उरली तर? बहुतेक ठिकाणी याचा विचार होत नाही आणि पुढे कुजबूज सुरू होते. त्या घराने नवी दुचाकी घेतली की लोक परस्परांकडे पाहतात. दुःखात होरपळलेल्या कुटुंबावर चोरीचा संशय येण्याइतके क्रूर दुसरे काही नसेल. नंतरच्या रुग्णाला गाव हात आखडता घेते, हे आणखी वेगळेच. त्यामुळे आवाहनाच्या पहिल्या कागदावरच लिहावे, की उरलेली रक्कम प्रथम रुग्णाच्या औषधांसाठी, ती गरज न राहिल्यास रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीत अथवा पुढील रुग्णासाठी वापरली जाईल. हिशेब तीन महिन्यांनी चावडीवर किंवा मंदिराच्या सभामंडपात वाचून दाखवावा. तो कुणी मागितला नाही तरी.

दात्याची ओळ

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात ५६,५०९ जिवंत दात्यांनी अवयव दिले. त्यांपैकी ३६,०३८ स्त्रिया होत्या. त्याच काळात ज्यांना जिवंत दात्यांकडून अवयव मिळाले, त्यांत स्त्रिया होत्या १७,०४१. माता, पत्नी, भगिनी यांच्या त्यागाचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. परंतु या आकड्यांत केवळ त्याग नाही, घराचा पैशाचा हिशेबही आहे. पैसा एकाच शस्त्रक्रियेपुरता असेल, तेव्हा तो मिळवत्या पुरुषासाठी निघतो. स्वतःच्या आजारासाठी तो मागावा असे घरातील स्त्रीला वाटत नाही आणि इतरांनाही बहुधा सुचत नाही. साह्य करणाऱ्या मंडळींनी स्त्री रुग्णाच्या घरी आपणहून जाणे त्यासाठी आवश्यक आहे. तेथून अर्ज येण्याची वाट पाहिली तर तो येणार नाही.

दात्या स्त्रीचा स्वतःचा हिशेब तर कुणीच मांडत नाही. मूत्रपिंड दिल्यानंतर काही आठवडे जड काम वर्ज्य असते. शेतमजुरी करणारी, धुण्याभांड्याला जाणारी किंवा शिवणयंत्रावर बसणारी स्त्री तेवढे दिवस कमावू शकत नाही. घरात रुग्णही अंथरुणाला खिळलेला. म्हणून दहाव्या-बाराव्या दिवशी ती पाण्याची कळशी उचलते. १९९४ च्या कायद्याने अवयवाचे मोल देण्यास मनाई केली, पण 'मोबदला' या शब्दाची व्याख्या करताना दात्याला अवयव दिल्यामुळे प्रत्यक्ष झालेला खर्च आणि बुडालेली कमाई हेतुतः वगळली. म्हणजे तिची बुडालेली मजुरी भरून देणे हा गुन्हा नाही. फक्त ते उघडपणे, समन्वयकाला सांगून, दिवस आणि दर लिहून व्हायला हवे, जेणेकरून त्याला विक्रीचा वास येणार नाही. गावात अशा कामासाठी समिती बसेल, तेव्हा तिने अंदाजपत्रकात औषधांच्या रकमेखाली ही एक ओळ लिहून घ्यावी: दात्याचे नाव, किती आठवडे, किती रुपये.